स्वयंपाकघर नसलेलं घर

रोजच्या बोलण्यातल्या फ्रेंचमध्ये एकदा घडून गेलेल्या गोष्टीच्या भूतकाळाला एकट्याने चालता येत नाही. खाल्लं म्हणा, आलो म्हणा, आधी सहायक क्रियापद हाताशी घ्यावं लागतं. तशी दोनच आहेत: ‘आव्वार’, म्हणजे जवळ बाळगणं, आणि ‘एत्र’, म्हणजे असणं. खाल्लं, पाहिलं, केलं हे सगळं आव्वारच्या खात्यात. आलो, गेलो, जन्मलो, मेलो हे एत्रकडे. आव्वारचा गोतावळा हजारोंचा. एत्रकडे पंधरा-सोळा क्रियापदं, शिवाय माणूस ज्यांत स्वतःलाच उठवतो, धुतो, निजवतो ती.

ही पंधरा-सोळा पाठ व्हावीत म्हणून फ्रेंचच्या वर्गांत एक चित्र दाखवतात: एत्रचं घर. दारातून एक जण आत येतोय, दुसरा बाहेर पडतोय. जिन्यावर कुणी चढतोय, कुणी उतरतोय, एक धडपडून पडलाय. एका खोलीत बाळ जन्मलंय आणि दुसरीत कुणीतरी मेलंय. तरी घरच्यांची ये-जा सुरूच. मला मात्र खटकतं ते हे, की या घराला स्वयंपाकघर नाही. रांधणं आणि जेवणं, दोन्ही आव्वारचं. झोपणंही त्याचंच, त्यामुळे खाटेची सोय नाही. हसणं, रडणं, बोलणं, लहानाचं मोठं होणं, म्हातारं होणं, एवढंच काय, जगणंसुद्धा आव्वारकडे. जन्मायला आणि मरायला घरात यायचं, मधलं आयुष्य बाहेर काढायचं.

यावर शिक्षक सांगतात, हालचालीची क्रियापदं एत्र घेतात. ठीक. मग चालणं, धावणं, पोहणं, प्रवास करणं? सगळी आव्वारची. एत्रला नुसती वणवण चालत नाही. कुठेतरी पोचलात किंवा कुठून तरी निघालात तरच दार उघडतं. हे मनाशी ठसवून घ्यावं, तर ‘रेस्ते’, म्हणजे जागचं न हलणं, आधीपासून घरात पाय पसरून बसलेलं! आणि खुद्द ‘एत्र’चा भूतकाळ करायचा तर तो आव्वारने: झे एते, मी होतो. घरमालकच दुसरीकडे भाड्याने राहतो.

शिवाय घरातले काही जण फितूर आहेत. ‘सोर्तीर’ म्हणजे बाहेर पडणं. मी बाहेर पडलो, तर एत्र. कुत्र्याला बाहेर नेलं, तर आव्वार. जिन्याचंही तसंच: खाली उतरलो तर एत्र, पण ‘जिना उतरलो’ असं जिन्याचं नाव घेऊन म्हटलं, किंवा कचऱ्याचा डबा खाली नेला, की आव्वार. कर्म आलं की पक्षांतर. क्वेबेकमधली माणसं घरगुती बोलण्यात ‘मी पडलो’लासुद्धा सरळ आव्वार लावतात. पॅरिसमध्ये नाकं मुरडली जातात म्हणे. माझी सहानुभूती क्वेबेकला.

खरी गंमत पुढेच आहे. एत्र असेल तर धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलतं. बाई आली तर लिहिताना शेवटी एक ‘ई’ वाढवायचा. आव्वार असेल तर ते कर्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पाहतं ते कर्माकडे, पण कर्म आधी आलं असेल तरच. ‘मी पत्र लिहिलं’मध्ये काही बदल नाही, ‘जे पत्र मी लिहिलं’ म्हटलं की पत्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी म्हणून ‘ई’. बाईने आंघोळ केली तर ‘ई’, बाईने हात धुतले तर नाही. आणि हा ‘ई’ बहुतेक वेळा कानाला ऐकूच येत नाही! सोळाव्या शतकातला कवी क्लेमाँ मारो याने इटालियनकडे बोट दाखवत हा नियम आपल्या शिष्यांना पद्यात समजावला होता. १९७६ मध्ये फ्रान्सच्या शिक्षण खात्याने परीक्षेत काही मोजक्या रचनांत आव्वारबरोबरचा ‘ई’ सुटला तर चूक धरू नये, अशी मुभा दिली. पण लाल शाईला मुभा वापरायची हौस नसते.

मराठी माणसाने खरं तर इथे दचकू नये. त्याने आंबा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली. खाणारा तोच, क्रियापद मात्र ताटातल्या पदार्थाप्रमाणे नटतं. ती आली, पण तिने आणलं. हे आपण बोबडं बोलायच्या वयापासून करतो, कर्म आधी आलं की नंतर याची चौकशीही न करता. ‘बाळगणं’ या क्रियापदाचं मात्र आपल्याला अप्रूप. आपलं काम ‘माझ्याकडे आहे’ आणि ‘मला आहे’वर भागतं. वस्तू आपणहून आमच्याकडे असतात, आम्ही त्यांना धरून ठेवत नाही, असं एखाद्या फ्रेंच माणसाला ऐटीत सांगावंसं वाटतं.

पण मग तो मराठी शिकायला बसेल. ‘तिने धडा वाचला’ ठीक, मग ‘ती धडा शिकली’ कसं? कर्म तर समोर बसलंय. ‘ने’ कुठे गेला? ‘तिने नाव लिहिलं’, पण ‘ती नाव विसरली’? दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं शाळेत घोकली जाताहेत. त्यातलं कोणतंच मला त्या वेळी आठवणार नाही. आम्ही असंच बोलतो, एवढंच सांगून मी त्याच्यासाठी चहा मागवीन.