थेट द्वितीय वर्ष, थेट कॉटखाली

हिंगोलीच्या तंत्रनिकेतनातून डिप्लोमा काढलेल्या पुसेगावच्या पोराला शासनानं मोठा मान दिला आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पायरी त्याला चढावीच लागत नाही, तो थेट द्वितीय वर्षात उतरतो. त्यासाठी वेगळ्या कॅप फेऱ्या आहेत, मंजूर जागांवर दहा टक्के जादा जागा आहेत. म्हणजे साठांच्या वर्गात सहा पोरं वाढली. या सहा जणांनी रात्री पाठ कुठं टेकायची, हा विषय नियमावलीत बसत नसल्यामुळे तो त्यांच्या कल्पकतेवर सोपवला आहे. काही कॉलेजं चार-दोन कॉट राखून ठेवतात म्हणे. ज्यांना त्या मिळाल्या त्यांनी हे सदर वाचू नये.

बाकीच्यांनी सुरुवात हॉस्टेलच्या ऑनलाइन अर्जापासून करावी. त्यात 'प्रथम वर्षाचा एसजीपीए' असा रकाना असतो, शेजारी लाल चांदणी. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पहिलं वर्ष तर आपण केलेलंच नाही! शून्य टाकलं की मेरिट यादीत तळाला. डिप्लोमाचे ८९ टक्के टाकले की संगणक म्हणतो, दहाच्या वरचा आकडा चालणार नाही. मग ऑफिसात जायचं. तिथं पत्ता वाचून साहेबांचा चेहरा खुलतो.

"पुसेगाव? सेवागिरी महाराजांचं ना? अरे, मग सातारा काय लांब आहे! शनिवार-रविवार घरी जात जा."

"नाही सर, ते खटाव तालुक्यातलं. आमचं सेनगाव तालुक्यात, जिल्हा हिंगोली."

"हिंगोली म्हणजे परभणी जिल्हाच की."

१ मे १९९९ ला हिंगोली परभणीतून वेगळा झाला. पाव शतक उलटलं तरी ही बातमी पुण्यातल्या त्या टेबलापर्यंत पोचायची आहे. पोस्टानं टाकली असावी.

हॉस्टेल फुल्ल असल्याचं समजलं की कॉट बेसिसकडे वळावं. विजेच्या खांबांवर जाहिराती असतातच: शांत, सुसंस्कृत, फक्त शाकाहारी. दहाला गेट बंद. मित्र, पाहुणे व आईवडील यांना प्रवेश नाही. घरमालक आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग पुन्हा आडनाव विचारतात, कारण पहिल्या उत्तरानं त्यांचं समाधान झालेलं नसतं. ते झालं तर डिपॉझिट. आता या फेऱ्या लांबतात नेमक्या ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि शेतकऱ्याचा खिसा त्या महिन्यांत कसा असतो हे वेळापत्रक करणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसावं.

"बाबा, दोन महिन्यांचं डिपॉझिट आधीच मागायलेत."

"सोयाबीन अजून हिरवंगार हाय बाळा. दसऱ्यालोक थांब म्हणावं त्यांला."

"हळदीवर उचल भेटंल का?"

"हळद उन्हाळ्यात निघती. तवर तुझी परीक्षा व्हायची."

अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध पोरांसाठी, सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर, २०१६-१७ पासून 'स्वाधार' योजना आहे. पुणे-मुंबईत वर्षाला साठ हजार, त्यातले निवासाचे वीस. बारानं भागून पाहा, महिन्याला सतराशेही भरत नाहीत. सतराशेत पुण्यात कॉट मिळते, नाही असं नाही. भोवतीची खोली तेवढी वेगळी भाड्यानं घ्यावी लागते. शिवाय हप्ता कधी येईल हे घरमालकाला पटवून द्यायचं कौशल्य डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात नाही.

१९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं आणि पुढं जातीजातींच्या पोरांसाठी दारं उघडत गेली. १९२४ साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणली. स्वागत समारंभात हे सगळं फार सुंदर सांगितलं जातं. ऐकणाऱ्यांतल्या सहा जणांच्या बॅगा त्या वेळी सभागृहाच्या दाराशी असतात.

एवढं सगळं करून झालं, की उरते ती खरी लोकप्रिय योजना. तिचा जीआर नाही, अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. गावाकडचा एखादा सीनियर गाठायचा आणि त्याच्या खोलीत 'पॅरासाइट' म्हणून राहायचं. हा शब्द हॉस्टेलात शिवी नाही, हुद्दा आहे. पॅरासाइटचा पहिला धडा चपलांचा. दारावर नावं चार आणि बाहेर चपलांचे जोड नऊ, हे रेक्टरना लांबून मोजता येतं. म्हणून चपला आत, पिशवीत, कॉटखाली. दुसरा धडा, राउंडच्या वेळी बाथरूममध्ये अभ्यासाचं पुस्तक घेऊन जायचं, वेळ वाया जात नाही. मेसमध्ये मात्र पॅरासाइटला मान असतो, कारण तो रोख पैसे देतो.

तिसऱ्या वर्षी त्याच्याकडे एसजीपीए असतो, लाल चांदणीचा रकाना भरतो, खोली मिळते. दारावर पुसेगावचं नाव लागतं. आणि सप्टेंबरात सेनगावहून फोन येतो.

"दादा, माझा थेट द्वितीयला नंबर लागला. हॉस्टेल नाही म्हनायलेत. तुमच्याकडं होईल का काही?"

दादा कॉटखालची जागा नजरेनं मोजतो आणि विचारतो, "घोरतोस का रे?"