चॅप्टर फोरचे सर

विद्यापीठाच्या मागच्या गेटासमोर जी गल्ली असते, तिच्यात चहाची टपरी, झेरॉक्स, बाइंडिंग, पुन्हा झेरॉक्स असा क्रम लागतो. पुणे असो, कोल्हापूर असो की नांदेड, त्यात फारसा फरक पडत नाही. त्या दुसऱ्या झेरॉक्सच्या पोटमाळ्यावर चॅप्टर फोरचे सर बसतात. खाली पाटी असते : ‘थीसिस टायपिंग, प्लॅजरिझम चेकिंग, एसपीएसएस, स्पायरल.’ सरांचं नाव पाटीवर नसतं आणि ज्यांची कामं ते करतात त्यांच्या ऋणनिर्देशातही नसतं. तिथे आईवडील, पत्नी, गाईड, ग्रंथपाल, संस्थेचे अध्यक्ष आणि टायपिस्टसुद्धा असतो. चौथं प्रकरण मात्र आपोआप उगवलेलं असतं.

प्रबंधाची प्रकरणं पाच. पहिलं प्रस्तावनेचं, ते आधीच्या एखाद्या प्रबंधावर नजर ठेवून लिहिता येतं. दुसरं पूर्वसंशोधनाचं, त्यासाठी आधीचे दहा प्रबंध लागतात. तिसरं पद्धतीचं, ते अख्ख्या विभागात एकच असतं. पाचव्यात शिफारशी : शासनाने लक्ष घालावे, पालकांनी जागरूक राहावे. त्यांना आकडे लागत नाहीत. माणूस अडतो तो चौथ्यात, आणि अडला की पोटमाळ्याचा लोखंडी जिना चढतो. एका हातात पेनड्राइव्ह, दुसऱ्या हातात आउटपुटचा दीडशे पानी गठ्ठा. पहिलं वाक्य ठरलेलं असतं.

“सर, रन मीच केलंय. सगळं आलंय. फक्त इंटरप्रिटेशन तेवढं सांगा.”

“म्हणजे मांडव घातलाय, आचारी सांगितलाय,” सर म्हणतात, “फक्त मुलगी बघायची राहिलीय.”

सर पन्नाशीचे. चष्मा कपाळावर, कारण गठ्ठा वाचायला तो लागत नाही आणि गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायला लागतो. गठ्ठा हातात आला की ते पहिली वीस पानं न बघता टेबलाखाली टाकतात. त्यात सगळ्याचा मीन काढलेला असतो. सगळ्याचा म्हणजे अनुक्रमांकाचासुद्धा. पुरुषाला १ आणि स्त्रीला २ असा कोड दिलेला असल्यामुळे लिंगाचा मीन १.४७ आलेला असतो. तालुक्यांचा ३.२. एका प्राध्यापकांनी तर पिनकोडची सरासरी काढून तिचं स्टँडर्ड डेव्हिएशनही दिलं होतं.

“पण सर, सॉफ्टवेअरनं काढून दिलं की!”

“त्याला काय, तुम्ही मोबाइल नंबर घाला, त्यांचीही सरासरी देईल. यंत्राला लाज नसते. ती आपण ठेवायची.”

मग सर ‘सिग.’ नावाच्या रकान्याकडे येतात आणि पोटमाळ्यावरचं वातावरण बदलतं. या रकान्यानं महाराष्ट्रात जितकी माणसं हसवली आणि रडवली, तितकी एखाद्या नाटक कंपनीलाही जमली नसतील. एकदा एक मॅडम रडवेल्या होऊन आल्या. तीन वर्षं घालवली, गावोगाव हिंडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि सिग. आलं .००३. “शून्याच्या जवळ गेलं हो सर, काहीच सिग्निफिकन्स उरला नाही.” त्यांच्या शेजारी एक प्राध्यापक पेढ्यांचा पुडा घेऊन बसले होते. त्यांचं आलं होतं .८७२. “सत्त्याऐंशी टक्के सिग्निफिकंट! डिस्टिंक्शनच म्हणायचं.”

सरांनी पुडा शांतपणे उचलला आणि मॅडमपुढे ठेवला.

मग समजावून सांगितलं. हा आकडा गुणपत्रिकेतला नाही. मुळात दोन गटांत काही फरकच नाही असं धरून चाललो, तर नुसत्या योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, ते तो सांगतो. ती हजारात तीन निघाली, तर योगायोगावर विश्वास ठेवणं जड जातं. हजारात आठशे बहात्तर निघाली, तर असा फरक रोज दिसतो. प्राध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हे एकातून वजा करून चालेल का?”

.००० आलं तर आनंदाला सीमाच नसते. सिग.चंच दुसरं नाव पी, तेव्हा लोक प्रबंधात ठळक अक्षरांत छापतात : ‘पी बरोबर शून्य.’ सर त्या आकड्यावर माउस नेऊन दोनदा क्लिक करतात आणि आतले दडलेले दशांश बाहेर येतात. “हे बघा, शून्य नाही. तीन घरांत मावलं नाही, इतकंच. ‘पी .००१ हून कमी’ असं लिहा.” हल्ली जामोवी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर निघालंय, ते आपणहूनच तसं लिहितं. सरांनी ते गिऱ्हाइकांना सुचवून पाहिलं. गिऱ्हाईक नको म्हणतं. “आमच्या गाईडना तीन शून्यं दिसली पाहिजेत.” शिवाय फुकट मिळालेल्या निष्कर्षावर विश्वास कसा बसायचा? हे आकडे ज्यात निघतात ते एसपीएसएस १९६८ साली स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन नाय, हॅडलाय हल आणि डेल बेंट या तिघांनी उभं केलं आणि २००९ साली आयबीएमनं ती कंपनी १२० कोटी डॉलरना घेतली, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. पण नाव घेतलं की गाईड मान डोलावतात, हे माहीत असतं.

टी-टेस्टच्या तक्त्याचा सरांकडे खास वर्ग भरतो. तक्त्यात ओळी दोन, सिग. दोन, आणि गिऱ्हाइकाची पसंती एकच : जिथे आकडा लहान तिथे बोट. सर बोट धरून बाजूला करतात. “हे पहिलं सिग. लेव्हीनचं. तुमच्या मुलामुलींच्या गुणांत फरक आहे का, हे ते सांगत नाही. दोन्ही गटांतलं विखुरणं सारखं आहे का, एवढंच सांगतं. ते .०५ च्या वर असेल तर वरची ओळ वाचा, खाली असेल तर खालची.” खालच्या ओळीत डिग्रीज ऑफ फ्रीडम ५७.८३ असे अपूर्णांकात येतात. एका गृहस्थांनी ते पाहून विचारलं होतं, “सर, यातला पॉइंट त्र्याऐंशी मुलगा कोणता?”

उणे टी हे तर नेहमीचं दुखणं.

“सर, मायनस आलंय. गाईड रागावतील. काढून टाकू?”

“तुम्ही मुलांना १ नंबर दिला, मुलींना २. त्यानं पहिल्यातून दुसरा वजा केला. मुलींना मार्क जास्त, म्हणून उणे. मुलींना १ नंबर द्या, अधिक येईल.”

“पण सर, आमच्या हजेरीपटावर मुलं आधी असतात.”

बी.एड. कॉलेजातल्या एका शिक्षकांची शंका याहून खोल होती. त्यांचा नमुना शिक्षकांचा होता. ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ वापरली तर चालेल, की शिक्षकांची वेगळी असते? सरांनी त्यांना हसण्यावारी नेलं नाही, चहा मागवला. आयर्लंडमधल्या डब्लिनला गिनेस नावाचा दारूचा कारखाना. तिथे विल्यम गॉसेट नावाचा माणूस कामाला. बार्लीचे नमुने मोजकेच असत आणि मोजक्या नमुन्यांवरून निर्णय घ्यायचे असत. त्यासाठी त्यानं जे गणित बसवलं, ते १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापलं. शिक्षकांनी वहीत टिपून घेतलं. पुढे त्यांच्या प्रबंधात वाक्य आलं : ‘सदर चाचणी मद्यनिर्मिती क्षेत्रातील असल्याने प्रस्तुत संशोधनात सावधगिरीने वापरली आहे.’

सहसंबंधाच्या तक्त्यातले तारे लोकांना फार आवडतात. सिग. लहान आलं की एक तारा, आणखी लहान आलं की दोन तारे. तक्त्याच्या कर्णावर सगळीकडे १ छापलेला असतो, आणि ‘वय व वय यांत परिपूर्ण धन सहसंबंध आढळला’ हे वाक्य सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय. सहाशे जणांचा नमुना असला, की .११ एवढ्याशा सहसंबंधालाही दोन तारे लागतात. गिऱ्हाईक लिहितं, ‘घनिष्ठ संबंध.’ सर कॅल्क्युलेटर पुढे सरकवतात. “.११ चा वर्ग करा. किती आलं? .०१२१. म्हणजे शंभरातला एक भाग कसाबसा समजला, नव्व्याण्णव अजून अंधारात. नमुना मोठा होता, म्हणून बारीक गोष्ट दिसली. दिसली म्हणून ती मोठी होत नाही.”

सहाशे मात्र क्वचित. बाकी सगळ्यांचा नमुना ३८४. विषय आशासेविकांचा असो, बचतगटांचा असो की मोबाइलच्या व्यसनाचा, माणसं ३८४. क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी १९७० साली एक तक्ता छापला. त्यात लोकसंख्या दहा लाख असली की नमुना ३८४ दिलाय. तक्ता चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यासाठी आहे. “तुमचा कसा निवडला?” सर विचारतात. “रँडमच सर. गूगल फॉर्म नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. जो भरील तो भरील.”

सरांची काही तत्त्वं आहेत. “सर, थोडं ॲडजस्ट करता येईल का?” असं कुणी आवाज खाली आणून म्हटलं, की ते खिडकीतून पाटीकडे बोट दाखवतात. “तिथे आकडे तपासून मिळतील असा अर्थ आहे. आकडे तयार करून मिळतील असा नाही. तो माल दुसरीकडे असेल.” पण .०५१ घेऊन आलेल्या माणसाचं त्यांनाही वाईट वाटतं. तो माणूस एका हजारांशानं हुकलेला असतो आणि भाजीवाल्याशी बोलावं तसं बोलतो : राऊंड फिगर करा ना. कुणी ऐकून आलेला असतो, की एका बाजूची चाचणी घेतली की आकडा निम्मा होतो, .०८ चे .०४. सर विचारतात, “मुलीच पुढे असतील, हे सिनॉप्सिसमध्ये आधी लिहिलं होतं? निकाल लागल्यावर पैज लावता येत नाही.” मुळात हा पाच टक्क्यांचा उंबरठा रोनाल्ड फिशरनं १९२५ च्या पुस्तकात सोयीचा म्हणून धरला होता. त्याच्या अलीकडे खरं आणि पलीकडे खोटं असं काही नसतं, हे अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली निवेदन काढून सांगितलं. ते निवेदन मागच्या गेटापर्यंत अजून पोचायचं आहे.

सरांना कुणी विचारतं, “सर, तुमची स्वतःची पीएच.डी. कुठपर्यंत आली?”

“रखडलीय. गाईड म्हणतात, चौथं प्रकरण कमकुवत आहे.”

त्यात त्यांनी तीन ठिकाणी ‘फरक आढळला नाही’ असं लिहून ठेवलंय, आणि ते बदलायला ते तयार नाहीत.

कधी संध्याकाळी गर्दी ओसरली की सर दांडेकर आणि रथ यांच्यावर बोलतात. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातली गरिबी मोजली, ते काम १९७१ साली प्रसिद्ध झालं. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च किती जणांना परवडत नाही, हा त्यांचा प्रश्न. १९६०-६१ च्या आकड्यांवरून उत्तर आलं : खेड्यात सुमारे चाळीस टक्के, शहरात सुमारे पन्नास. “कुठे तारा नाही, कुठे तीन शून्यं नाहीत,” सर म्हणतात. “देशात पोटभर जेवत किती नाहीत, एवढंच विचारलं होतं. आमच्याकडे येतात त्यांना उत्तर हवं असतं. विचारलं काय होतं, ते उरलेली पानं चाळून मलाच शोधावं लागतं.”

सरांचे दर परिकल्पनेमागे ठरलेले आहेत, त्यामुळे पोटमाळ्यावर आल्यावर अनेकांच्या परिकल्पना बारावरून पाचावर येतात. परवा समाजकार्याची एक विद्यार्थिनी आली. तिच्याकडे परिकल्पना एकच. ज्या आयांना बचतगटाचं कर्ज मिळालं, त्यांच्या मुलींची शाळेतली हजेरी बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे का? सिग. .३४. सरांनी सवयीनं सांत्वनाचं वाक्य जुळवायला घेतलं.

“ते कळलं मला,” ती म्हणाली. “माझ्या साठ घरांत फरक दिसला नाही. पण सर, फरक नाहीच म्हणून दिसला नाही, की साठ घरं कमी पडली? आणि कर्ज कोणाच्या हातात गेलं, हे मी विचारलंच नाही. आता परत जाऊन विचारू का?”

सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, दरपत्रक उलटं करून ठेवलं आणि तिच्यासाठी खुर्ची झटकली. खालून जिन्यावर पावलं वाजली. .०५१ वाले प्राध्यापक नवा गठ्ठा घेऊन आले होते. “सर, माझं दोनच मिनिटांचं काम. एकच हजारांश राहिलाय.”

“खाली थांबा, चहा घ्या,” सर म्हणाले. “इथे प्रश्न आलाय. उत्तरांची रांग उद्या सकाळी.”