कोपऱ्यात बघायची सवय

काय हो वहिनी, काल रात्री उशिरापर्यंत तुमच्या हॉलमध्ये उजेड होता! लेकानं परत ती मढी उठून चालतात ती मालिका लावली वाटतं. हां, गेम ऑफ थ्रोन्स. मग पेला दिसला का? अहो, कुठला पेला म्हणून काय विचारता! पण नाहीच दिसणार म्हणा आता, पुसून टाकलाय तो. हा कढीपत्ता धरा आधी, मग सांगते.

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. आठवं पर्व, चौथा भाग. मढ्यांच्या फौजेचा खातमा झालाय आणि विंटरफेलच्या मोठ्या दालनात मेजवानी रंगलीय. मेणबत्त्या काय, अंगावर कातडी काय, सगळा जुना थाट. आणि ती पांढऱ्या केसांची डॅनेरिस, ड्रॅगनवाली, तिच्यापुढे टेबलावर झाकण लावलेला कागदी कॉफीचा पेला! दोन सेकंद दिसला असेल नसेल, पण जगभर बोंब. सगळे म्हणाले स्टारबक्सचा. तोही नव्हता, सेटवरच्या चहापाण्यातला होता. मालिका दाखवणाऱ्या एचबीओवाल्यांनी हसण्यावारी नेलं. म्हणाले, चूकच झाली, बाईंनी खरं तर हर्बल चहा मागवला होता. आणि दोन दिवसांत कॉम्प्युटरवर पेला गायब.

पेला कोणाचा, ते तर ऐका. काही महिन्यांनी ती डॅनेरिस झालेली एमिलिया क्लार्क जिमी फॅलनच्या कार्यक्रमात गेली, तिथं तिनं सांगून टाकलं. तो टकलू व्हॅरिस, कॉन्लेथ हिल, त्यानं म्हणे एका पार्टीत तिच्यापाशी कबूल केलं की बाई, पेला माझाच. सगळ्या गुपितांची खबर ठेवणारा व्हॅरिस, आणि त्याचाच पेला राहावा!

मला गंमत निराळीच वाटते. पेल्याच्या आधीचा भाग आठवतो? मढ्यांशी रात्रभर लढाई, पंचावन्न रात्री जागून शूटिंग केलेलं, आणि पडद्यावर एवढा अंधार की कोण कोणाला मारतंय कळेना. लोक टीव्हीची सेटिंग्ज बदलत बसले. त्या भागात त्यांनी अख्खा चहाचा ठेला मांडला असता तरी कोणाला दिसला नसता. पुढच्याच आठवड्यात मेणबत्त्या लावल्या आणि सापडले! बरं, शहाणे होतील? शेवटच्या भागात भर सभेत त्या सॅमच्या पायाशी प्लॅस्टिकची पाण्याची बाटली.

आमची पुतणी गोरेगावला मालिकांत असिस्टंट डायरेक्टर आहे, तिला मी विचारलं, एवढे लोक तिथं उभे असतात, कोणाला दिसत नाही? ती म्हणते, काकू, सीन ओळीनं शूट होत नाहीत, अर्धा आज, अर्धा परवा. कंटिन्यूइटीवाला मोबाइलवर फोटो काढून ठेवतो, टिकली कुठं होती, पदर कुठल्या खांद्यावर, ग्लास किती भरलेला. तरी शेवटी एडिटर टेक निवडतो तो नटाचा चेहरा बघून. रडणं झकास झालं असेल, तर मागं बूम माइक डोकावला तरी तोच टेक लागतो. आणि रोजच्या मालिकेत आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपत आली, की मंगळसूत्र तरी कोण बघतंय!

पण वहिनी, सासू-सुनांच्या मालिकेत कोणाचं लक्ष जात नाही, भुताच्या मालिकेत मात्र बरोबर जातं. कारण तिथं आपल्याला सवयच लावलेली असते ना! ‘रात्रीस खेळ चाले’ लागायची तेव्हा अण्णा काय बोलतात त्यापेक्षा त्यांच्या मागच्या खिडकीकडेच डोळे असायचे आपले. आत्ता कोणीतरी तिथं उभं राहील. शूटिंगचा आकेरीचा तो वाडा बघायला गाड्या भरभरून लोक गेले, तेही आधी खिडक्याच बघत असतील. तिसऱ्या पर्वात मध्येच शेवंताची नटी बदलली, तेव्हा आमच्या ह्यांनी काय म्हणावं? भूत आहे ते, चेहरा बदलू शकतं. आता बोला!

तिकडचे प्रेक्षकही ह्यांच्यासारखेच. स्ट्रेंजर थिंग्ज बघता ना तुम्ही? त्यातल्या विलचा वाढदिवस २२ मार्च, त्याच्या आईनंच दुसऱ्या पर्वात सांगितलेला. चौथ्या पर्वात नेमकी तीच तारीख येते आणि कोणी त्याला शुभेच्छासुद्धा देत नाही. आई, भाऊ, मित्र, कोणीच नाही. लोकांनी डोकी चालवली, यात काहीतरी काळंबेरं आहे, पोरावर कसलातरी अंमल बसलाय. शेवटी मालिका बनवणारे ते दोघे डफर भाऊ म्हणाले, आम्ही विसरलो हो! आणि तोडगा काय, तर वाढदिवस मे महिन्यात ढकलावा. का? तर जुन्या सीनमध्ये आई झालेल्या विनोना रायडरच्या ओठांवर ‘मे’ बसतं. घ्या! पोराची जन्मतारीख ओठांच्या मापानं.

तरी माझी सगळ्यांत आवडती बफी. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’. जुनी आहे, १९९७ ते २००३. तिनं एक नियम घालून घेतला आणि जन्माची पंचाईत करून घेतली. पहिल्या पर्वाच्या शेवटी बफी पाण्यात बुडते. तिला तोंडानं श्वास द्यायचा, तर एंजल म्हणतो मला जमणार नाही, मी व्हॅम्पायर, माझ्यात श्वासच नाही. मग तिचा मित्र झँडर तिला वाचवतो. प्रसंग मोठा छान जमलाय, पण त्यानंतर बघा, हाच एंजल मारामारी करून धापा टाकतोय! आणि तो दुसरा व्हॅम्पायर स्पाइक, तो तर सिगारेटी फुंकतो. श्वास नाही, मग धूर ओढतो कशानं? हे बोललेच नसते तर कोणी विचारलंही नसतं. नट बिचारा जिवंत माणूस, छाती हलणारच त्याची.

पण खरी फजिती झाली ती मालिका संपल्यावर बऱ्याच वर्षांनी. तेव्हाचे टीव्ही चौकोनी होते ना, त्या मापानं त्यांनी चित्र बांधलेलं. फिल्मवर मात्र बाजूला जास्तीचा भाग उतरत होता, टीव्हीवर न दिसणारा. त्या भागात मग दिव्याचा स्टँड ठेवा, माणूस उभा करा, कोण विचारतंय. २०१४ च्या सुमारास कोणाच्या तरी डोक्यात आलं, आता सगळ्यांचे टीव्ही रुंद आहेत, आपण ही मालिका एचडीत रुंद करून दाखवू. बाजूचं झाकलेलं उघडलं, आणि आले की कडेला सेटवरचे लोक! कॅमेऱ्यापुढे यायचं नाही म्हणून बाजूला उभी राहिलेली बापडी, एवढ्या वर्षांनी सापडली. त्यांची काय चूक सांगा? शूटिंगच्या दिवशी त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. ही चूक मागाहून घडवलेली.

त्याहून वाईट पुढंच. काही सीन मूळ उजेडात घेऊन नंतर रंग गडद करून रात्र केलेली. नव्या प्रतीत तो गडदपणा द्यायचाच राहिला. म्हणजे ज्यांची उन्हात राख होते, ते व्हॅम्पायर दिवसाढवळ्या फिरतायत! पेल्यानं निदान कोणाचा जीव तरी घेतला नव्हता. इथं गोष्टच मेली हो.

म्हणून मला ते पेला पुसणंही पटलं नाही. राहू द्यायचा होता. कोणीतरी दमून चहा प्यायला आणि पेला विसरला, एवढंच ना? तुमच्या लेकाला सांगा, बाटली सापडते का बघ. आणि तो अंधाराचा भाग लावाल, तेव्हा हॉलमधला दिवा बंद करा बाई, नाहीतर पडद्यात आपलीच तोंडं दिसतात आणि मी घाबरते.