पडायची भीती नसलेली खुर्ची

मोंढ्याबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी हळदीचा लिलाव आटोपून आलेले एक काका. तळहात पिवळेधमक, कपाच्या कानावरही पिवळं बोट उमटलेलं. मोबाइलवरची बातमी वाचून ते दचकलेच.

"अमेरिकेत राज्यपाल बी निवडणुकीला उभा ऱ्हातो? आन् खुर्चीवरचाच परत निवडून आला म्हणं!"

म्हटलं, काका, आपल्या घटना समितीतही निवडून येणाऱ्या राज्यपालाचा घाट होता. 1949 साली तो बासनात गेला. आता राष्ट्रपती नेमतात. प्रचार नाही, अनामत नाही, पडायची भीती नाही.

"मंग हिंगोलीच्या खासदारानं तेच मागावं की!"

काकांचं गणित पक्कं होतं. उत्तमराव राठोड 1980, 1984 आणि 1989 असे ओळीनं तीनदा निवडून आले. त्यानंतर या मतदारसंघात बसलेला खासदार लागोपाठ दुसऱ्यांदा आलेला नाही. 1996 पासून 2004 पर्यंत तर शिवाजी माने, सूर्यकांता पाटील, पुन्हा माने, पुन्हा पाटील, अशी शेताच्या पाण्यासारखी पाळी लागलेली. राजीव सातव 2014 च्या लाटेत 1,632 मतांनी तरले, 2019 ला उभेच राहिले नाहीत. 2024 ला खासदार असलेल्या हेमंत पाटलांची जाहीर झालेली उमेदवारी पक्षानंच काढून बाबूराव कदम कोहळीकरांना दिली. मतदारांना पाटलांना पाडायची संधीसुद्धा मिळाली नाही. त्यांनी कोहळीकरांना पाडलं.

आणि राज्यपाल कामाला आले ते इथं. 15 ऑक्टोबर 2024 ला राज्यपालनियुक्त सात आमदारांचा शपथविधी झाला, त्यात हेमंत पाटील होते. घटनेत निकष आहेत साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा. कुठला लागला ते सोडा, मुहूर्त अचूक लागला. त्याच दुपारी विधानसभेची आचारसंहिता लागली. महाविकास आघाडीनं 2020 साली पाठवलेल्या बारा नावांना मात्र राजभवनात मुहूर्तच सापडला नव्हता.

गंमत म्हणजे महिनाभरानं याच जिल्ह्यानं तिन्ही जुने आमदार परत पाठवले. हिंगोलीत तानाजी मुटकुळे ओळीनं तिसऱ्यांदा, कळमनुरीत संतोष बांगर, वसमतमध्ये राजू नवघरे. शेवटच्या दोघांचं चिन्ह 2019 चंच होतं, चिन्हाचे मालक तेवढे बदलले होते.

सध्याचे खासदार नागेश पाटील आष्टीकर. साहेब, पुढची लोकसभा 2029 ला आहे. राज्यपालांचा पत्ता लिहून ठेवा, मलबार हिल, मुंबई.