चिमणरावाची दोन नाकं

आमच्या गावात चिमणरावाला दोन नाकं होती. त्याला जन्माला घालणाऱ्या चि. वि. जोशींनी असं कुठं लिहिलेलं नाही, पण चि. विं.च्या वाटेत मुळशीचे डोंगर नव्हते.

१९७३ साली सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला आणि मुंबईचं चित्र पुण्यात दिसायला लागलं. आमचं गाव पौडच्या पुढं. आमच्याकडं ते चित्र दोनदा यायचं. एकदा जमेल तसं सरळ, आणि मागनं डोंगरावर आपटून, ठेच लागल्यासारखं, किंचित उशिरा. त्यामुळं पडद्यावरच्या प्रत्येक माणसाला खेटून त्याचंच भूत उभं असायचं. १९७७-७८ च्या सुमाराला ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ लागायचं तेव्हा चिमणरावाची नाकं दोन, आणि बाळ कर्वे मुळातच भरदार असल्यामुळं गुंड्याभाऊ एकटाच अख्खा पडदा व्यापून बसायचा.

हे सगळं मला सांगितलेलं. मी पाहिलेलं नाही. कारण मी कौलांवर होतो.

घरातलं सगळ्यांत हलकं माणूस मी, वय वर्षं दहा. अँटेनाचा बांबू धरून सिंहगडाच्या दिशेनं उभं राहणं हे माझं काम. खालून आत्याचा आवाज यायचा, “आला... आला... गेला! आरं, मागं फिरव. आला! आता हलू नगंस.” मग न हलता मी अर्धा तास ऐकायचो. संवाद, हशा, आणि मधूनच ‘आई गं, कसा पडला’ असं आजीचं. कसा पडला ते मला आजतागायत माहीत नाही. लोकांनी दूरदर्शन बघितलं, मी दूरदर्शन ऐकलं. माझ्यापुरता चिमणराव हा रेडिओतलाच माणूस.

रेडिओतल्या माणसांचं बरं असतं म्हणा. ‘प्रपंच’मधले टेकाडे भावजी आमच्या घरात वर्षानुवर्षं येत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कधी भांडण झालं नाही. आजीचे टेकाडे भावजी धोतरवाले होते, आईचे पँटवाले, आत्याचे तर थेट आमच्या तलाठ्यासारखे. (तलाठी चावडीवर आला की आत्या उगाचच हसायची. त्याचा गैरसमज झाला होता.) प्रभाकर जोशींचा आवाज एकच, पण एकाच खोलीत तिघींसमोर तीन भावजी बसलेले, आणि चहा एकालाही करावा लागत नव्हता.

चिमणरावाचं मात्र पहिल्या दिवसापासून बिनसलं. आजीनं तरुणपणी जत्रेतल्या तंबूत मास्टर विनायकांचा ‘लग्न पहावं करून’ पाहिला होता. चित्रपट १९४० चा, त्यात चिमणराव झालेले दामूअण्णा मालवणकर. दामूअण्णांच्या डोळ्यांत तिरळेपणा होता आणि त्यावरच निम्मं थिएटर हसायचं. आजीचा हिशेब पक्का होता : चिमणराव म्हणजे तिरळा. मालिकेत चिमणराव झालेल्या दिलीप प्रभावळकरांना बघून ती म्हणाली, “ह्यो न्हवं. ह्याचं डोळं सरळ हाईत.” नाकं दोन असण्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पुढं शाळेच्या कपाटात ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ सापडलं, ते मी मुद्दाम डोळ्यांसाठी वाचून काढलं. तिरळेपणा काही हाती लागला नाही. आजीला सांगितलं तर म्हणाली, “लिहायचं ऱ्हायलं आसंल.”

चित्र ऐन रंगात आलं की लाइट जायची. मी कौलांवरनं मुळशी धरणाच्या बाजूला बघत बसायचो. त्या धरणाचं पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरतं, तिथं त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसोबत आमच्याकडच्या माणसांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, त्याचंच हे पाणी. म्हणजे आमच्या पाण्यावर मुंबई उजळायची, मुंबईहून चिमणराव निघायचा आणि आमच्या दारात येऊन काळोखात बसायचा. आत्या खालून विचारायची, “गेला?” मी वरून म्हणायचो, “सगळंच गेलं.”

नंतर माणसं चित्रांतूनही यायला लागली. ‘सकाळ’मध्ये १९९१ पासून चित्रमालिकेतला चिंटू. तो सकाळच्या एस.टी.नं यायचा, कधी चिखल लागून, पण नाक एकच. २०१२ ला त्याचा सिनेमा आला तेव्हा माझी मुलगी हिरमुसली. चित्रातला चिंटू वीस वर्षं त्याच इयत्तेत सुखानं बसलेला, आणि पडद्यावरचा खरा मुलगा. म्हणजे उद्या याला मिशा येणार. दुसरा भाग २०१३ ला लगेच काढला, तो बहुधा मिशांच्या धास्तीनं.

२०१७ ला ‘फास्टर फेणे’ बघायला आत्यालाही पुण्यात नेलं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बन्या, सायकल आणि ‘ट्टॉक’. मी त्याच्यावर वाढलेलो. पडद्यावर अमेय वाघ, हातात मोबाइल, मागं डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचं प्रकरण. मी आतल्या आत कुरकुरत होतो. तेवढ्यात खुद्द भा. रा. भागवतच कथेत हजर. लेखक आपल्याच पोराच्या गोष्टीत पाहुणा! आणि ते झाले होते दिलीप प्रभावळकर. मधल्या काळात हाच माणूस ‘झपाटलेला’त तात्या विंचू झाला होता आणि मरून बाहुल्यात शिरला होता, ते आत्यानं मनावर घेतलं नव्हतं. ती अंधारात मोठ्यांदा म्हणाली, “आगं बया, चिमणराव!” पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली.

घरी आल्यावर भाच्यानं मोबाइलवर त्या जुन्या मालिकेचा एक तुकडा शोधून दिला. चाळीस वर्षांनी मी चिमणराव पाहिला. चांगला होता. कौलांवर मला दिसायचा त्याच्यापेक्षा थोडा बुटका. आत्यानं चष्मा पुसला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“एकच नाक?”

“एकच असतं, आत्या.”

“तुला काय ठावं, तू वर व्हतास.” मग भाच्याकडं वळून म्हणाली, “बाळा, जरा सिंहगडाकडं कर बघू.”

त्यानं केला.