आमची शाखा सर्वत्र आहे

मराठी दुकानदाराने जाहिरातशास्त्राला दिलेली थोर देणगी म्हणजे ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी. बाकीचे व्यापारी आपण कुठे कुठे आहोत हे ओरडून सांगत असताना, आपण कुठे कुठे नाही हे सांगून गिऱ्हाईक मिळवणारा दुसरा समाज आमच्या पाहण्यात नाही. शेजारी ‘दुपारी १ ते ४ बंद’ आणि गल्ल्याच्या वर ‘उधार मागून लाजवू नये’. एवढ्या वाङ्मयावर तीन-तीन पिढ्यांची लग्नकार्ये निघाली. दुकान आहे हे गावाला ठाऊक असे. ज्याला ठाऊक नाही तो गावातला नाही, आणि जो गावातला नाही तो गिऱ्हाईकही नाही, असा सगळा सरळ हिशेब होता.

हा हिशेब मोडीत निघाल्याची बातमी आम्हाला पिठाच्या गिरणीत लागली. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, तालुक्याचे. गिरणी अण्णांची. अण्णांचा ‘कस्टमर डेटाबेस’ म्हणजे फळीवर ओळीने मांडलेले डबे, झाकणावर ऑइलपेंटने आडनाव. कोणाचा गहू गव्हावरच दळायचा, कोणाला भाजणी जाडसर लागते, कोणाच्या घरात साखर निघाल्यामुळे गव्हाचा डबा जाऊन ज्वारीचा आला, कोणाच्या सुनेने डबा वेगळा केला, हे सगळे अण्णांना झाकण न उघडता माहीत. एवढी खासगी माहिती गोळा करायला कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांना इंजिनिअरांच्या फौजा पोसाव्या लागतात. अण्णांचे काम एका मोडक्या खुर्चीवर भागते. शिवाय ते ती माहिती कोणाला विकत नाहीत, फुकट सांगतात.

तर अण्णांचा भाचा पुण्याहून डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून आला. पूर्वी पुण्याहून परतणारे भाचे एमपीएससीचा निकाल सांगायचे टाळत. आताचे भाचे आल्या आल्या मामाचा निकाल लावतात.

‘मामा, तुम्ही कुठेच दिसत नाही.’

‘हा काय बसलोय की.’

‘तसं नव्हे. व्हिजिबिलिटी म्हणतोय मी. ऑनलाइन.’

अण्णांनी भुवयांवरचे पीठ झटकले. त्या धुरळ्यात ते फारसे दिसत नव्हते हे खरेच होते.

आधी वेबसाइट झाली. तिच्या पहिल्याच पानावर सोनेरी केसांची एक गोरी बाई पाव हातात धरून हसते आहे. ती बाई गावात कोणाकडे आली आहे, याची दोन दिवस चौकशी चालली होती. खाली इंग्रजीत, ‘आम्ही धान्यरूपांतराच्या क्षेत्रातील सर्वंकष उपाययोजना पुरवतो’ अशा अर्थाचे काहीतरी. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, ते भाच्याकडून मराठीत समजावून घेतले आणि ‘म्हणजे दळतो, असंच ना?’ एवढेच विचारले. राज्य सरकारने २०२२ साली कायदा दुरुस्त करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली. अण्णांच्या पाटीला त्या कायद्याची कधीच भीती नव्हती, कारण तिच्यावर दुसरी लिपीच नव्हती. पण कायदा पाटीपाशी थांबतो, वेबसाइटवर चढत नाही. वेबसाइटचा पत्तादेखील देवनागरीत घेता येतो, ‘.भारत’ हे शेपूट २०१४ पासून मिळते आहे, हे आम्ही भाच्याला सांगून पाहिले. त्याने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, की आम्ही जणू त्याला धोतर नेसून मुलाखतीला जा म्हणालो होतो.

मग नावाचा प्रश्न निघाला. ‘श्री भैरवनाथ पिठाची गिरणी’ या नावात भाच्याच्या मते ‘कीवर्ड’ नव्हता. लोक शोधतात ते ‘निअर मी’ असे शोधतात. न्यूयॉर्कमध्ये एका खानावळीने आपले नावच ‘थाई फूड निअर मी’ ठेवले, हा दाखला त्याने दिला, आणि तो खरा आहे. गुगलच्या नकाशावर खोटे, शब्द कोंबलेले नाव चालत नाही. दारावर जे लिहिले असेल तेच चालते. म्हणून त्या खानावळवाल्याने दारावरच तसे लिहून टाकले. अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, ‘जवळची गिरणी म्हणायचं तर कुणाच्या जवळची, हे नको का सांगायला?’ भैरवनाथ वाचला.

नकाशावर दुकान चढवायला पैसे पडत नाहीत, हे येथे मुद्दाम सांगून ठेवतो. ‘सर, मी गुगलकडून बोलतेय, तुमचं लिस्टिंग आज रात्री एक्स्पायर होतंय’ असा फोन ज्यांना येतो, त्यांनी बाईंच्या गोड आवाजाचे कौतुक करून फोन ठेवावा. पैसे पडत नसले तरी पुरावा मात्र द्यावा लागतो. पूर्वी अमुक पत्त्यावर दुकान आहे याची खात्री करायला गुगलवाले पोस्टकार्ड पाठवत, त्यावर आकडा असे. आता बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. एका दमात, न थांबता, न कापता. रस्ता दाखवा, पाटी दाखवा, आत शिरा, यंत्र दाखवा, मालक आपणच हे पटेल असे काहीतरी कुलूपबिलूप उघडून दाखवा. भाच्याने मोबाइल आडवा धरून रस्त्यापासून सुरुवात केली. मारुतीचे देऊळ आले, जुनी तालीम आली, आणि पाटीच्या जागी आले एक भावी नगरसेवक, वाढदिवसानिमित्त, हात जोडून, वीस फुटी. त्यांच्या दोन्ही खांद्यांवर एकूण अठ्ठावीस शुभेच्छुक. पाटी त्यांच्या पोटामागे कुठेतरी होती. फ्लेक्स काढायची सोय नाही. वाढदिवस उलटून महिना झाला असला तरी शुभेच्छा ताज्या होत्या. शेवटी भाच्याने फ्लेक्सची एक दोरी हळूच सैल केली, वारा सुटायची वाट पाहिली, आणि नेत्यांचे पोट बाजूला सरकताच पाटी टिपली. महाराष्ट्रात छोट्या दुकानाच्या व्हिजिबिलिटीची खरी अडचण कोणती, हे त्या व्हिडिओत जितके स्पष्ट दिसते तितके कोर्सच्या कुठल्याही पुस्तकात नसेल.

नकाशावर चढताच अभिप्राय सुरू झाले. पहिला पाच तारे भाच्याचा, दुसरा त्याच्या खोलीवरच्या मित्राचा, ज्याने आयुष्यात दळण नेलेले नाही. तिसरा एक तारा, ‘अडीचला गेलो, बंद होतं.’ एक ते चार बंद असते हे जन्मतः ठाऊक असलेल्या गावात हे लिहिणारा कोण, याचा शोध अजून चालू आहे. या एका ताऱ्याच्या उताऱ्यासाठी भाच्याने कुठून तरी अभिप्रायांचा जुडगा विकत आणला. त्यात ‘स्टाफ खूप कोऑपरेटिव्ह, फॅमिलीसाठी वेगळी बसायची व्यवस्था, पनीर अप्रतिम’ असेही निघाले. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० नावाचे मानक काढले आहे. ते पाळणे ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हटल्यावर आपल्याकडे त्याचे काय होते, हे हेल्मेट सक्तीचे असूनही काय होते त्यावरून ताडावे.

व्हॉट्सअ‍ॅपचे धंद्याचे अ‍ॅप २०१८ साली आले, ते अण्णांच्या फोनवर यंदा आले. आता समोरच्या माडीवरच्या काकूंनी ‘दळण झालं का हो?’ असे पाठवले, की त्यांना क्षणार्धात उत्तर जाते, ‘नमस्कार! आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.’ प्रतिनिधी त्यावेळी कोपरापर्यंत बाजरीत असतात. काकू मोबाइल ठेवतात, गॅलरीत येतात आणि ओरडतात. प्रतिनिधी आतून ओरडतात. संपर्क साधला जातो.

पण भाच्याचा जीव होता रीलमध्ये. गिरणीचा दगड घासून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागते. छिन्नी-हातोडीने एकेक खाच पुन्हा उठवायची. ते अण्णांचे काम खरेच बघण्यासारखे आहे. आम्ही उभे राहून बघतो. भाच्याने त्याचे रील केले, टकटक आवाजासकट. ते सुटले. बघणारे वाढत गेले, ब्राझीलमधून हृदये आली, कोणी तरी लिहिले की हे ऐकून मला झोप लागते. भाचा पेढे घेऊन आला. अण्णांनी विचारले, ‘यातले दळण किती?’

आमच्या मते धंद्याच्या सगळ्या पुस्तकांतला हा एकच विचारण्याजोगा प्रश्न आहे. पाच किलोचा डबा हाताला कड येईपर्यंत धरून माणूस जेवढा चालू शकतो, तेवढीच गिरणीची बाजारपेठ. फार तर स्कूटरवर पायांत ठेवून आणले तर दुप्पट. ब्राझीलहून ज्वारी येणार नाही. ज्याचा माल पेटीत बसून गावाबाहेर जातो त्याची गोष्ट वेगळी. २०२० च्या टाळेबंदीत बाजार समित्या अडखळल्या तेव्हा कोकणातल्या बागायतदारांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मागण्या घेऊन हापूसच्या पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत उतरवल्या, आणि त्यातल्या अनेकांना दलालाशिवायही आंबा पिकतो हे तेव्हा कळले. घरी मसाले, भाजणी करणाऱ्या बायकांचेही तेच. पण जाहिरातीचे पॅकेज विकणाऱ्याला गिरणी आणि हापूस यांत फरक करून परवडत नाही. त्याच्यासाठी दोन्ही ‘ब्रँड’.

आणि हे सगळे बांधकाम कोणाच्या जागेवर? अण्णांच्या आजोबांनी गिरणीची जागा घेतली ती सातबारा पाहून. भाच्याने घेतल्या तसल्या जागांचा उतारा असा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटले. गुगल प्लस २ एप्रिल २०१९ ला गेले. टिकटॉक २९ जून २०२० ला सरकारने बंद केले, आणि आदल्या संध्याकाळपर्यंत लाखोंचा गोतावळा असलेली माणसे सकाळी परत शेजाऱ्यांच्या ओळखीवर आली. गुगल छोट्या दुकानांना नकाशाच्या नोंदीतूनच एक साधी वेबसाइट फुकट काढून देत असे. त्या सगळ्या मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. काही महिने तो पत्ता नकाशाच्या नोंदीकडे वळवून दिला, जूनपासून तेही थांबले. दुकानदारांनी तो पत्ता बिलबुकावर, पिशवीवर, टेम्पोच्या मागे रंगवून घेतला होता. टेम्पो अजून फिरताहेत. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही मिळून सहा तास पडले, तेव्हा अण्णा जेवून झोपले होते. त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.

जागा दुसऱ्याची असली की भाडे आलेच, आणि भाड्याचे नाव जाहिरात. मेटाचे २०२३ सालचे शंभर डॉलरचे उत्पन्न घेतले तर त्यातले सत्त्याण्णवहून अधिक जाहिरातीचे निघतात. त्या महासागरात आमच्या गावचाही एक थेंब आहे, तो असा. भाच्याने एका एजन्सीचे पॅकेज घेऊन अण्णांची जाहिरात शोधयंत्रावर लावली. ‘भैरवनाथ गिरणी’ असे कोणी शोधले की सगळ्यात वर अण्णा. त्यावर बोट पडले की अण्णांच्या खात्यातून पैसे वजा, वर अठरा टक्के जीएसटी. शोधत कोण होते? समोरच्या माडीवरच्या काकू. त्यांना फोन नंबर पाठ नाही, म्हणून रोज नाव टाकून वरचे पहिले दाबतात. म्हणजे काकू गिरणीला दळणाचे पैसे देतात आणि अण्णा काकू आल्याचे पैसे देतात. हसू नका. ईबेसारख्या बलाढ्य कंपनीने २०१२ साली स्वतःच्याच नावावरच्या जाहिराती काही ठिकाणी बंद करून पाहिल्या, तेव्हा येणारी माणसे जवळजवळ तेवढीच आली. जाहिरात नसेल तर माणसे तिच्या खालची फुकटची ओळ दाबत. हा प्रयोग २०१५ साली ‘इकोनोमेट्रिका’त छापूनही आला. ईबेला अर्थशास्त्रज्ञ लागले. अण्णांना काकू पुरल्या.

पण तोवर समोरच्या गिरणीवाल्या नानांचा जावई जागा झाला होता. त्याने ‘भैरवनाथ गिरणी’ या नावावरच नानांची बोली लावली. भाच्याने चिडून ‘नाना गिरणी’वर अण्णांची लावली. आता अण्णांना शोधले की नाना वर येत आणि नानांना शोधले की अण्णा, आणि रोज रात्री दोघांचे पैसे संपत. दोन्ही गिरण्यांच्या मध्ये बारा फुटांचा रस्ता आहे. गिऱ्हाईक उंबऱ्यात उभे राहून ज्याची रांग लहान तिकडे जाते, चाळीस वर्षे.

गेल्या गुरुवारी महावितरणची वीज दुरुस्तीसाठी बंद होती. दोन्ही गिरण्या थंड. नाना रस्ता ओलांडून आले, अण्णांनी चहा सांगितला. ‘तुझा किती जातो रे महिन्याला?’ नानांनी विचारले. अण्णांनी आकडा सांगितला. नानांनी आपला सांगितला. दोघेही थोडा वेळ चहाकडे बघत राहिले. मग ठरले, की तू लावू नको, मी लावत नाही. दोन्ही पॅकेजे त्याच दुपारी थांबवली गेली. भाचा आणि जावई दोघांनीही आपापल्या मामा-सासऱ्यांशी बोलणे सोडले आहे, आणि दोघांनी मिळून आता गावातल्या केशकर्तनालयाचे काम घेतले आहे.

परवा अण्णांना एजन्सीचा मेल आला. विषय, ‘स्पर्धकविश्लेषण अहवाल, फक्त तुमच्यासाठी.’ आत लिहिले होते की तुमच्या परिसरातील प्रमुख स्पर्धकाने जाहिरात बंद केल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे, ही सुवर्णसंधी आहे, प्लॅटिनम पॅकेजवर चाळीस टक्के सूट. अण्णा तो दाखवायला रस्ता ओलांडून गेले. नाना आपला वाचत होते.