पहिल्या दहांचा गृहस्थ

आयुष्यभर ऐकलेल्या हजारो गाण्यांतून सर्वोत्तम दहा निवडून त्यांना क्रमांक देणाऱ्या, आणि दिलेले क्रमांक हयातभर खालीवर करीत राहणाऱ्या व्यक्तीस प्रस्तुत लेखात ‘क्रमवारीकार’ असे म्हटले आहे. ही व्यक्ती बहुधा पुरुष असते, बहुधा पन्नाशी ओलांडलेली असते, आणि बँक, विमा कार्यालय, पाटबंधारे खाते किंवा एखाद्या महाविद्यालयाचा गणित विभाग यांपैकी कोठून तरी निवृत्त झालेली वा होऊ घातलेली असते. तिला गाता येत नाही, वाद्य वाजवता येत नाही, आणि या दोन्ही गोष्टी येत असत्या तर आपली निःपक्षपाती दृष्टी गढूळ झाली असती, असे तिचे प्रामाणिक मत असते. सामान्य श्रोत्यापासून तिचे वेगळेपण इतकेच की, गाणे संपल्यावर सामान्य श्रोता ‘वा!’ म्हणतो आणि क्रमवारीकार ‘चौथं’ म्हणतो.

या प्रकृतीची जडणघडण शोधू गेल्यास दोन कारणे ठळकपणे आढळतात. पहिले शालेय आहे. शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी छायाचित्रांसह वृत्तपत्रांत छापून येण्याच्या काळात क्रमवारीकाराचे बालपण गेले. त्या यादीत त्याचे नाव आले नाही, पण जगातील प्रत्येक गोष्टीला एक यादी असते आणि प्रत्येक यादीला एक पहिला असतो, हा संस्कार कायम राहिला. दुसरे कारण नभोवाणीचे आहे. १९५२ साली बा. वि. केसकर केंद्रीय नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता घरोघरी सर्वांचे कान तिकडे लागू लागले. हा कार्यक्रम आरंभी गाणी क्रमाविना वाजवी. पुढे त्यांना क्रम मिळाला, क्रमाला ‘पायदान’ म्हणजे पायरी हे नाव मिळाले, आणि तबकड्यांच्या दुकानांतील विक्री व श्रोता संघांची पत्रे यांच्या आधारे कोणते गाणे कोणत्या पायरीवर उभे राहणार हे ठरू लागले. आपल्या आवडीच्या गाण्याला देशाने नववी पायरी दिली, हे पोरवयात ऐकल्याने जो अन्याय मनात रुतला, त्याचे निवारण करण्यासाठीच क्रमवारीकाराने पुढे स्वतःची वही काढली.

ही वही हे त्याच्या अभ्यासकास उपलब्ध असलेले सर्वांत विश्वसनीय साधन होय. ती लांब आकाराची, जाड पुठ्ठ्याची, बहुधा कार्यालयातूनच आलेली असते. तिच्यात गाणे, चित्रपट, वर्ष, संगीतकार, गीतकार, गायक, क्रमांक आणि शेरा असे रकाने आखलेले असतात. मुलाने हा सर्व मजकूर संगणकावर चढवून दिलेला असला तरी संगणकावरची यादी कच्ची आणि वहीतली पक्की मानली जाते. शीर्षक ‘सर्वकालीन सर्वोत्तम दहा’ असे असले तरी प्रत्यक्षात तीत सतरा गाणी भरतात, कारण तिसरा क्रमांक दोघांत व सहावा तिघांत ‘विभागून’ दिलेला असतो आणि शेवटी चार गाणी ‘उत्तेजनार्थ’ असतात. हे दोन्ही शब्द त्याने नाट्यस्पर्धांच्या निकालपत्रांतून उचलले असून त्यांच्या आधारे कोणालाही न दुखावता कठोर निर्णय घेता येतो, असा त्याचा अनुभव असतो. निवडीचे काम मंत्रिमंडळाच्या विस्तारासारखे चालते: रफींना तीन जागा दिल्या की किशोरकुमारांचा गट नाराज होतो, तलत महमूद यांच्याकडे एक तरी खाते हवेच, मन्ना डे यांना दर वेळी राज्यमंत्रिपदावर समाधान मानावे लागते, आणि ओ. पी. नय्यर यांनी लता मंगेशकरांचा आवाज कधीच वापरला नसल्यामुळे लताबाईंच्या जागा वाढवल्या की नय्यर आपोआप विरोधी पक्षात जाऊन बसतात.

गाण्यांचे असे मार्गी लागल्यावर अल्बमचा प्रश्न उद्भवतो, आणि तो अधिक शास्त्रीय स्वरूपाचा आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावे, त्यामुळे त्या काळी गाणे हेच मोजण्याचे एकक होते. पुढे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी, म्हणजे एल. पी., आली आणि एका संचात अनेक गाणी सामावू लागली. हिंदी चित्रपटसंगीतात अल्बम म्हणजे एका चित्रपटाची सर्व गाणी असा अर्थ रूढ आहे, म्हणून ‘प्यासा’ (१९५७) वर की ‘गाइड’ (१९६५) वर, हा वाद किमान सुटसुटीत असतो. मराठीत मात्र ‘गीतरामायण’ आडवे येते. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली आणि सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केलेली ही छप्पन्न गीते १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला प्रसारित झाली. त्यांना एक अल्बम मानावे, छप्पन्न स्वतंत्र गाणी मानावीत, की धर्मग्रंथ मानून स्पर्धेबाहेर ठेवावे, यावर क्रमवारीकारांत तीन पंथ आहेत. तिसऱ्या पंथात बहुमत असण्याचे कारण श्रद्धा असे सांगितले जाते. खरे कारण असे की, रामाला दुसरा क्रमांक दिल्याचे घरात कळले असते.

क्रमवारीकारांच्या पोटजाती अनेक असल्या तरी तीन मुख्य होत. पहिला सुवर्णयुगवादी. संगीताचे सुवर्णयुग एका निश्चित वर्षी संपले, असे तो मानतो, आणि ते वर्ष त्याच्या गृहकर्जाच्या पहिल्या हप्त्याच्या आगेमागेच असते. त्यानंतरच्या संगीताविषयी त्याला काही म्हणायचे नसते, आणि तेच तो तासभर म्हणत असतो. दुसरा दुर्मिळवादी. गाण्याचे मोल ते ऐकलेल्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते, हा त्याचा सिद्धान्त असून ‘संगदिल’ (१९५२) आणि ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) यांचे संगीतकार सज्जाद हुसेन हे त्याचे दैवत असतात. त्यांचेही एखादे गाणे शेजाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर वाजू लागले की ते वहीतून गुपचूप खाली उतरते. ‘महल’ (१९४९) मधील लताबाईंच्या गाजलेल्या गीताच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून त्यांचे नव्हे, तर पात्राचे, म्हणजे ‘कामिनी’ असे नाव होते, ही माहिती तो लग्नकार्यातही, पंगत बसण्यापूर्वी, देऊ शकतो. तिसरा रागवादी. गाण्याचा राग ओळखल्याशिवाय तो त्याला क्रमांक देत नाही, आणि ‘कोहिनूर’ (१९६०) मधील हमीर सोडला तर बाकी सर्व त्याला यमनासारखे वाटत असल्यामुळे त्याच्या यादीत यमनाची गाणी संशयास्पद प्रमाणात जास्त असतात.

पोटजाती वेगळ्या असल्या तरी गाऱ्हाणी सर्वांची समाईक आहेत. १९६० च्या चित्रपटांसाठीचे फिल्मफेअर पारितोषिक ‘मुगल-ए-आझम’ला डावलून ‘दिल अपना और प्रीत परायी’च्या संगीताला गेले, १९६४ साठी मदनमोहन यांच्या ‘वह कौन थी?’ला मागे टाकून ‘दोस्ती’ पुढे गेला. १९७२ साठी तर ‘पाकिजा’च्या वर ‘बेईमान’ बसला, आणि त्याचा निषेध म्हणून अभिनेते प्राण यांनी स्वतःचे पारितोषिक नाकारले. हे तीन निकाल क्रमवारीकार ज्या आवाजात सांगतो, तो आवाज स्वतःची बढती हुकल्याचे सांगतानाही त्याला लाभत नाही. वाद फारच पेटला, तर कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी दशकवार संकलित केलेला ‘हिंदी फिल्म गीत कोश’ काढला जातो आणि त्यातील नोंद दोन्ही पक्षांना मान्य करावी लागते; मात्र कोशात क्रमांक नसल्यामुळे त्याने केवळ वर्षाचा वाद मिटतो, गाण्याचा नाही.

हा वाद मिटू नये, अशीच क्रमवारीकाराची खरी इच्छा असते. संपूर्ण यादी ऐकून ‘अगदी बरोबर’ म्हणणारा पाहुणा त्याला मनातून आवडत नाही, कारण त्याने चहा घेतला पण काम केले नाही. याउलट ‘सातव्या क्रमांकाला हे कसं काय?’ असे विचारणारा मनुष्य जेवायला थांबवला जातो. घरातील मंडळी या वादात पडत नाहीत. दाढी करताना हा गृहस्थ ज्या चाली गुणगुणतो त्यांतील एकही यादीत नाही, हे त्याच्या पत्नीला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक असते, आणि संसार टिकावा म्हणून तिने ते कधी बोलून दाखवलेले नसते.

वहीचे बारकाईने अवलोकन केल्यास मात्र एक गोष्ट लक्षात येते. दुसऱ्यापासून शेवटपर्यंतचे क्रमांक खोडून, पांढरी शाई लावून, पुन्हा खोडून लिहिलेले असतात, आणि त्यांच्यापुढील शेऱ्याच्या रकान्यात अंतऱ्यातील व्हायोलिनपासून गीतकाराच्या व्याकरणापर्यंत सगळी कारणे बारीक अक्षरांत कोंबलेली असतात. पहिल्या क्रमांकावर एकही खाडाखोड नसते आणि त्याच्यापुढील शेऱ्याचा रकाना रिकामा असतो. ते गाणे बहुधा दुर्मिळ नसते, त्याचा राग सांगितलेला नसतो, आणि इतरांना लावलेल्या कसोट्या लावल्यास ते पहिल्या पन्नासांतही येणार नाही, हे यादी करणाऱ्यालाच सर्वांत आधी समजलेले असते. म्हणजेच दुसऱ्या क्रमांकापासून पुढचे सर्व शास्त्र आहे आणि पहिला क्रमांक हा त्या गृहस्थाचा खाजगी कारभार आहे.

तेव्हा अशा गृहस्थाने वही पुढे केल्यास वाचकांनी पहिल्या क्रमांकाविषयी काही विचारू नये, सातव्याला सडकून विरोध करावा, आणि स्वतःची यादी त्या दिवशी तरी खिशातून बाहेर काढू नये.